हाताला सुट्टी

नॉर्थ यॉर्कमधल्या त्या बावीस मजली बिल्डिंगच्या पोटात पार्किंगचे तीन मजले होते, आणि त्यातला सगळ्यात खालचा, पी-थ्री, कुणालाच आवडायचा नाही. भिंतींना ओल, अर्धे दिवे बंद, आणि वास असा की शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे ओले मोजे विसरून गेलंय! तुस्कानोंच्या आयव्हीचा मात्र त्या मजल्यावर भयंकर जीव होता. कारण तिथे तिचा भाऊ रिचर्ड बेसबॉल फेकायचा आणि तिचे पप्पा तो झेलायचे.

झेलायचे म्हणजे कसे, ते बघण्यासारखं होतं. बर्नार्ड तुस्कानो या माणसाने जन्मात पायात स्केट घातले नव्हते. पण एका गराज सेलमध्ये त्यांना आइस हॉकीच्या गोलकीपरचं आख्खं चिलखत मिळालं: छातीचं, पायांचं, तोंडावरची जाळी, सगळं. ते चढवून, हातात कॅचरचा जाडजूड ग्लव्ह घालून पप्पा उकिडवे बसले की एखादा मोठा सोफा खाली ठेवल्यासारखे दिसायचे. फॅक्टरीत ते लेथवर काम करायचे, केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी पार्ट परत येतो, असलं काम. त्यामुळे पी-थ्रीच्या फरशीवर त्यांनी टेपने मोजून साठ फूट सहा इंचांवर पिवळी रेघ मारली होती. पिचर आणि बॅटर यांच्यात असतं तेवढंच अंतर. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही.

सुरुवातीला पप्पांना हा खेळ बिलकूल पटला नव्हता. वसईला त्यांनी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळून गावातल्या निम्म्या खिडक्या फोडल्या होत्या.

"टप्पाच पडत नाही?" पहिल्या मॅचला त्यांनी विचारलं होतं. "मग बॉलरने करायचं काय?"

"पिचर, पप्पा. नॉट बॉलर," बारा वर्षांचा रिचर्ड म्हणाला.

"तेच ते. टप्प्याशिवाय बॉल म्हणजे मिठाशिवाय सुका बोंबील."

पण तिसऱ्या मॅचला शाळेच्या कोचने पप्पांना बाजूला घेतलं. असा हात मी पंधरा वर्षांत पाहिला नाही, म्हणाला. त्या दिवसापासून टप्प्याचं नाव घरात निघालं नाही. त्या दिवसापासून घरात फक्त रिचर्डचा उजवा हात होता. त्या हाताने त्याने ग्रोसरीच्या पिशव्या उचलायच्या नाहीत, बर्फ शोव्हल करायचा नाही, आयव्हीला चापट मारायची नाही. (हा शेवटचा नियम आयव्हीने स्वतः घुसवला होता आणि तो पास झाला!)

आता मुख्य गोष्ट. कॅनडात ऑक्टोबर आला की मैदानं बंद होतात. बाकीची पोरं ग्लव्ह कपाटात टाकतात आणि सहा महिने बेसबॉल विसरून जातात. पप्पांना हे कळेचना.

"सहा महिने? सहा महिने हात खिशात घालून बसायचं?"

पप्पांच्या डोक्यात वसईची वाडी होती. आजोबांची केळी आणि पानवेली. पानवेलीला रोज पाणी लागतं. एक दिवस चुकला तर पान कोमेजतं, दोन दिवस चुकले तर वेल हातची जाते. पप्पा लहानपणी नाताळच्या दिवशीसुद्धा चर्चमधल्या मिस्सावरून घरी येऊन नवा कोट खुंटीला टांगायचे आणि वाडीत पाणी घालायला जायचे. "वेलीला सांगून बघ, आज सण आहे म्हणून," असं ते म्हणायचे. आणि मग मुलाच्या हाताला तरी सुट्टी कशी द्यायची? हातही वेलीसारखाच वाढवायचा, रोज थोडं थोडं.

म्हणून पी-थ्री. फॅक्टरीतून सुटले की संध्याकाळी पाचला, आठवड्यातून चार दिवस, बाहेर उणे वीस असो नाहीतर तीस. सहा हिवाळे! आयव्ही उलट्या ठेवलेल्या दुधाच्या क्रेटवर बसायची आणि प्रत्येक चेंडूचा वेग मनानेच ठरवून ओरडायची. चेंडू ग्लव्हमध्ये बसला की त्या रिकाम्या मजल्यावर 'टॉक' असा आवाज घुमायचा. जगातला सगळ्यात छान आवाज, असं तिचं ठाम मत होतं.

बिल्डिंगचे सुपरिंटेंडेंट हेमचंद्र काका कधीकधी खाली यायचे. ते नागपूरचे. तिकडे पूल बांधणारे इंजिनियर, इकडे लोकांचे तुंबलेले सिंक मोकळे करायचे.

"अहो भाऊ, काहून पोराच्या मागे लागले तुम्ही? या थंडीत अस्वलंही झोपतात."

"म्हणून तर ती अस्वलंच राहिली," पप्पा जाळीच्या आतून म्हणाले. "रिची, एक अजून. खाली ठेव."

टॉक.

*

दोन हजार सहाच्या मे महिन्यात अमेरिकेच्या एका मोठ्या संघाचा स्काउट घरी आला. म्हणजे देशभर हिंडून चांगली पोरं हेरणारा माणूस. गवती हॅट, उन्हाने लाल झालेली मान. रिचर्ड तेव्हा अठरा वर्षांचा होता, सहा फूट तीन इंच, आणि स्वतःच्याच घरातल्या सोफ्यावर परीक्षेला आल्यासारखा बसला होता. मम्मीने रव्याचा केक केला होता. पप्पा सुरीने त्याचे अगदी एकसारखे तुकडे पाडत होते.

"तुस्कानो," स्काउट म्हणाला. "इटालियन?"

"वसई," पप्पा म्हणाले.

"ओह. नेपल्सच्या जवळ का?"

"नालासोपाऱ्याच्या अलीकडे," पप्पांनी मराठीत सांगितलं, आणि आयव्हीला इतकं हसू आलं की तिला वॉशरूममध्ये पळावं लागलं.

ती परत आली तेव्हा स्काउट कामाचं बोलत होता. मी एवढा प्रवास करून कॅनडात का येतो, तो सांगत होता. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातली पोरं बाराही महिने फेकतात. अठराव्या वर्षी त्यांचे खांदे-कोपर म्हातारे झालेले असतात. पण तुमच्या पोरांना बर्फ घरी बसवतो. सहा महिने विश्रांती. हात कोरा करकरीत. देवाने या देशाला पिचर्ससाठी दिलेली भेट आहे ही!

"ऑक्टोबर ते मार्च काही फेकत नाहीस ना तू?" त्याने रिचर्डला विचारलं. "नथिंग, राइट?"

पप्पांची सुरी केकमध्येच थांबली.

"नथिंग, सर," रिचर्ड म्हणाला. "हॉकी बघतो."

बारा वर्षांच्या आयव्हीने तोंड उघडलं. मम्मीने त्यात केकचा तुकडा कोंबला.

स्काउटला खाली सोडून लिफ्टमधून वर येताना पप्पांनी विचारलं, "खोटं का बोललास?"

"पप्पा, सगळेच थोडंफार बोलतात."

"तसं नाही. तो म्हणतो ते खरं असेल तर..."

"तो म्हातारा आहे. त्याची आपली समजूत. हे बघ." रिचर्डने उजवा हात लांब केला, मूठ उघडली, मिटली. "काही झालंय का याला? तूच वाढवलास ना?"

पप्पांनी त्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना तेच ऐकायचं होतं. माणसाला जे ऐकायचं असतं ते किती पटकन पटतं!

जूनमध्ये त्या संघाने रिचर्डला निवडलं. एकोणिसाव्या फेरीत, म्हणजे साडेपाचशेहून जास्त पोरांच्या नंतर, पण निवडलं. हेमचंद्र काकांनी लॉबीत रंगीत कागद चिकटवला, त्यावर रिचर्डच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. मम्मी वसईला फोन लावून लावून दमली. आणि पप्पा? पप्पा एकटेच पी-थ्रीला जाऊन ती पिवळी रेघ नव्याने रंगवून आले.

*

प्रोफेशनल पिचर! आयव्हीला वाटलं होतं, आता टीव्हीवर दिसणार. पण टीव्हीवर दिसणारे वरचे संघ, आणि त्यांच्या खाली पाच-सहा पायऱ्या असतात. रिचर्ड सगळ्यात खालच्या पायरीवर होता. चारही बाजूंनी मक्याची शेतं असलेलं गाव, दहा-दहा तासांचे बसचे प्रवास, आणि राहायला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात शिवणकामाची खोली. तिथे पलंगाच्या उशाशी शिलाईचं मशीन होतं आणि त्याच्या मोज्यांत टाचण्या घुसायच्या. हे सगळं तो रविवारच्या फोनवर सांगायचा. मम्मी विचारायची, काय जेवलास. पप्पा विचारायचे, वेग किती आला.

दुसऱ्या वर्षी चांगलं झालं. नऊ मॅच जिंकल्या. चेंडू ताशी दीडशे किलोमीटरने जायला लागला. आयव्हीने शाळेत भावावर प्रेझेंटेशन दिलं आणि टीचरने दहा मिनिटं सांगितली असताना पंचवीस मिनिटं बोलली.

त्या ऑक्टोबरमध्ये, दोन हजार सातच्या, रिचर्ड घरी आला तेव्हा बॅगेत संघाने दिलेला एक कागद होता. तो त्याने फ्रिजवर लावला. पप्पा मशीनचं ड्रॉइंग वाचतात तसा चष्मा वर करून ते वाचू लागले. धावायचं, पोहायचं, वजनं उचलायची. आणि खाली जाड अक्षरांत: एक जानेवारीपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही.

"हे काय?"

"रेस्ट, पप्पा. सगळ्यांना असतं."

"सगळ्यांना असेल. सगळे बसतील, तेव्हाच तर आपण पुढे जायचं."

"बॉसने लिहून दिलंय."

"बॉसला पोरं शंभर आहेत," पप्पा म्हणाले. "मला एक आहे."

त्यात राग नव्हता. राग असता तर रिचर्ड भांडला असता, तो काही कमी भांडखोर नव्हता. पण पप्पांनी ते इतक्या प्रेमाने म्हटलं की भांडायला जागाच उरली नाही. तो फ्रिजजवळ उभा राहून कागदाकडे बघत राहिला.

आणि तेव्हा आयव्ही म्हणाली, "चल ना रिची. एकदाच! किती दिवसांत आवाज ऐकला नाही."

एवढंच. तेरा वर्षांची होती, भाऊ सहा महिन्यांनी घरी आला होता, तिला क्रेटवर बसून ओरडायचं होतं. रिचर्ड हसला आणि त्याने जॅकेट उचललं. ते हसू पुढे कितीतरी वर्षं तिला शाळेत, बसमध्ये, अंघोळ करताना, कुठेही आठवायचं.

एकदाच कसलं! सगळा हिवाळा गेला तसा. पण त्या हिवाळ्यात काहीतरी निराळं होतं. चेंडू टाकून झाला की रिचर्ड पाणी झटकल्यासारखा हात झटकायचा. दुधाचा कॅन डाव्या हाताने ओतायचा.

"दुखतंय का?" आयव्हीने लिफ्टमध्ये हळूच विचारलं.

"शट अप, आयव्ही."

"पप्पाला सांगू?"

"सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. सीरियसली."

तिने नाही सांगितलं. मम्मी रोज खोबरेल तेलात लसूण तापवून त्याच्या कोपराला चोळायची. थंडीने धरलाय, म्हणायची. आणि पप्पा म्हणायचे, हात थांबवला की अजून धरेल, चालू राहू दे.

मेमध्ये एका शनिवारी दुपारी पप्पा आणि आयव्ही कॉम्प्युटरला कान लावून बसले होते. त्या छोट्या गावाची कॉमेंटरी इंटरनेटवर यायची, मध्येच तुटत तुटत. तिसरी इनिंग. रिचर्ड छान टाकत होता. मग कॉमेंटेटर बोलता बोलता थांबला. तुस्कानोने कोपर धरलंय, म्हणाला. गुडघ्यावर बसलाय. तो हाताने खूण करून ट्रेनरला बोलावतोय.

"नेट गेलं का?" पप्पांनी विचारलं, कारण बराच वेळ नुसती खरखर येत होती.

"नाही पप्पा," आयव्ही म्हणाली. "ते सगळे गप्प आहेत."

*

कोपराच्या आतल्या बाजूला हाडं बांधून ठेवणारी एक दोरीसारखी शीर असते, ती तुटली होती. डॉक्टरांनी मनगटातली दुसरी काढून तिथे ओवली. वर्षभर आराम, मग हळूहळू सुरुवात, आणि मग बघू. हे 'मग बघू' घेऊन रिचर्ड टोरांटोला आला. तिथल्या एका क्लिनिकमध्ये त्याला आठवड्यातून तीनदा जायचं असायचं आणि पहिल्या दिवशी पप्पा आणि आयव्हीही बरोबर गेले.

फिजिओथेरपिस्ट बाई बडबड्या आणि चांगल्या होत्या. रिचर्डचं कोपर वाकवताना, उघडताना त्या गप्पा मारत होत्या.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "कॅनडातली पोरं माझ्याकडे येतात ती धडपडून, बर्फावर पडून. असं झिजून कुणी येत नाही. रिपोर्ट वाचून मला वाटलं, फ्लोरिडाचा मुलगा आहे. लहानपणापासून बारा महिने फेकत होतास का?"

पप्पा भिंतीशी उभे होते, हातात रिचर्डचं जॅकेट होतं. रिचर्ड पाठीवर झोपून छताकडे बघत होता.

"नो," तो म्हणाला. "विंटर्स ऑफ."

"मग नशीब म्हणायचं," बाई म्हणाल्या आणि पुढचा व्यायाम दाखवायला लागल्या.

आयव्हीने पप्पांकडे पाहिलं. त्यांनी हातातल्या रिकाम्या जॅकेटची चेन शोधली आणि आत कुणीतरी असल्यासारखी, सावकाश, थेट गळ्यापर्यंत ओढली.

स्काउटसमोर रिचर्ड खोटं बोलला होता ते स्वतःसाठी. हे कुणासाठी होतं ते घरच्या तिघांनाही कळलं होतं, आणि घरी जाताना गाडीत कुणी रेडिओही लावला नाही.

त्यानंतर पप्पा पी-थ्रीला गेले नाहीत. हॉकीचं चिलखत एका सकाळी गार्बेज रूमच्या बाहेर दिसलं. हेमचंद्र काका वर विचारायला आले.

"भाऊ, हे फेकता काहून? चांगलं आहे की!"

"जागा होत नाही," पप्पा म्हणाले आणि दार लावलं. हेमचंद्र काकांना त्यांनी चहाला न बोलावता दार लावायची ती पहिलीच वेळ.

पुढच्या वर्षी रिचर्डला परत फेकायची परवानगी मिळाली. पंचेचाळीस फुटांवरून, हलके, पंचवीस चेंडू, एक दिवस आड. त्याला समोर कुणीतरी हवं होतं.

"पप्पा, येतोस?" त्याने विचारलं.

"गुडघे धरलेत माझे," पप्पा पेपरमधून म्हणाले.

मग आयव्ही गेली. पंधरा वर्षांची, ग्लव्ह कसा घालतात तेही उलटं शिकलेली! पहिल्या आठवड्यात तिने दोन चेंडू कपाळावर घेतले आणि एक हेमचंद्र काकांच्या बादलीत घालवला. रिचर्ड पोट धरून हसला. पण पंचवीस म्हणजे पंचवीस. सव्विसावा तिने मागितलाही नाही. वर आल्यावर पप्पा डायनिंग टेबलाशी बसलेले असायचे, पेपरचं तेच पान समोर. ते तोंड वर करून दोघांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि परत मान खाली घालायचे. कसा आहे, असं विचारायचे नाहीत. विचारलं तर रिचर्ड 'फाइन' म्हणणार, आणि ते फाइन ऐकायची त्यांची हिंमत नव्हती. त्या घरात कुणी कोपर हा शब्दच उच्चारेना. मम्मी एकदा टेबलाचा कोपरा म्हणता म्हणता थांबली.

रिचर्ड परत गेला, परत खेळला, पण चेंडू ताशी दीडशेचा एकशे चाळीसवर आला होता. ऐकायला दहाचाच फरक, पण त्या दहामध्येच सगळं असतं. दोन हजार अकराच्या मार्चमध्ये मॅनेजरने त्याला ऑफिसात बोलावलं. दोन मिनिटं लागली, त्याने फोनवर सांगितलं. त्यातलं एक मिनिट मॅनेजर दार लावत होता.

मग मॉन्ट्रियलच्या पुढे दोन तासांवरच्या एका गावात त्याला छोटा संघ मिळाला. कुणाच्याही खालची पायरी नसलेला. तिथून वर जायला रस्ता नव्हता.

*

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने आयव्हीला फोन केला. "रविवारी लास्ट गेम आहे. सीझनचा नाही. माझा."

"म्हणजे?"

"म्हणजे बस. झालं. पप्पाला सांगू नकोस, त्याला बघवणार नाही."

आयव्हीने फोन ठेवला, तीन पावलं चालून बाहेरच्या खोलीत गेली आणि पप्पांना सांगितलं. एकदा लिफ्टमध्ये तिने रिचर्डचं ऐकलं होतं. पुन्हा ऐकणार नव्हती. तिच्याकडे नवं कोरं लायसन्स होतं, अठरा वर्षं पूर्ण होती, आणि आता तिला कुणाचीच भीती वाटत नव्हती. फक्त हायवेवरच्या ट्रकची थोडी.

"मी गाडी चालवते," ती म्हणाली. मम्मीची नर्सिंग होममध्ये ड्युटी होती. शनिवारी सकाळी दोघंच निघाले. पप्पा सगळा रस्ताभर विंटर टायर्सबद्दल बोलत होते, ऑगस्टमध्ये! कुठल्या कंपनीचे चांगले, कधी बदलावे. आयव्ही 'हं, हं' करत राहिली. रात्री स्वस्तातल्या मोटेलमध्ये राहिले, रविवारी सकाळी पप्पांना मिस्सा हवा होता. फ्रेंच मिस्सा. एक शब्द कळला नाही तरी ते बरोबर जागी उठले, बरोबर जागी गुडघ्यावर बसले, आणि सगळे उठले तरी बराच वेळ तसेच राहिले.

मैदान छोटं होतं. सातआठशे माणसं, तळलेल्या बटाट्यांचा वास, लाउडस्पीकरवर फ्रेंच. सातव्या इनिंगला त्याच फ्रेंचमधून अचानक 'तुस्कानो' हे नाव निघालं आणि रिचर्ड चालत आला. चोवीस वर्षांचा होता. चालला चाळिशीच्या माणसासारखा.

पप्पा पुढे वाकले. पहिला चेंडू. दुसरा. बाजूचा वेगाचा बोर्ड एकशे बत्तीस दाखवत होता, शाळेत असताना तो याहून जोरात टाकायचा. बॅटर जणू वाट बघत थांबून मारत होते. चार फटके, दोन रन. प्रत्येक चेंडूला पप्पांचा डावा पंजा मांडीवर उघडायचा आणि मिटायचा, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मग रिचर्डने एक हळू, खूप हळू, वाकडा चेंडू टाकला. बॅटर हवेत बॅट फिरवून स्वतःभोवतीच फिरला. आउट. आयव्ही खुर्चीवर चढून किंचाळली. पण तेवढ्यात कोच बाहेर आला, हात पुढे केला, आणि रिचर्डने चेंडू त्याच्या हातात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्याला वाजवतात तशा.

मॅच संपल्यावर ते दोघं पार्किंगजवळच्या बाकाशी थांबले. रिचर्ड बॅग घेऊन बाहेर आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"पप्पा? तू?" मग आयव्हीकडे बघून, "ट्रेटर."

"यू आर वेलकम," आयव्ही म्हणाली.

"शेवटचा चांगला होता," पप्पा म्हणाले.

"हं. स्लो होता."

"रिची." पप्पांनी ओठ ओले केले. सातशे किलोमीटर विंटर टायर्सच्या खाली दाबून आणलेलं त्यांना आता बाहेर काढायचं होतं. "त्या क्लिनिकमधल्या बाईंनी विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

"पप्पा, लीव्ह इट."

"माझ्यामुळे झालं का?"

आयव्हीने श्वास धरला. बोल ना खोटं, ती मनात म्हणाली. तुला येतं की! दोनदा बोललास, पापणी न हलवता. अजून एकदा. एवढंसं. प्लीज, रिची.

रिचर्डने बॅग खाली ठेवली.

"हो," तो म्हणाला. "माझ्यामुळेही. मला दुखत होतं आणि मी सांगितलं नाही. पण, हो."

आयव्हीला त्याला मारावंसं वाटलं. त्याच कोपरावर मारावंसं वाटलं, इतका राग आला. माझ्यामुळेही, असं तिलाही म्हणायचं होतं, त्या फ्रिजजवळच्या संध्याकाळबद्दल, लिफ्टमधल्या प्रश्नाबद्दल. पण ती पप्पांना धरायला पुढे झाली, कारण तिला वाटलं ते पडतील.

पप्पा पडले नाहीत. ते बाकावर बसले. चार वर्षं धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी खाली उतरवू दिल्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून.

"कुणी बोललंच नाही रे माझ्याशी," ते म्हणाले. "चार वर्षं. घरात सगळे असे वागत होते की... आणि मला माहीत होतं. त्या बाईंनी विचारलं तेव्हाच माहीत झालं होतं."

"मला वाटलं, तुला कळू नये."

"लेथवर काम करतो मी. झिजलेलं मला कळत नाही?" मग आयव्हीने त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेला प्रश्न त्यांनी विचारला. "दुखतं?"

"रोज," रिचर्ड म्हणाला. "शर्टाचं वरचं बटण लावताना. झोपेत कूस बदलताना."

"दाखव."

रिचर्ड बाजूला बसला आणि त्याने हात पुढे केला. पप्पांनी तो आपल्या मांडीवर घेतला, कोपराखाली एक तळवा लावला, मनगटावर दुसरा, आणि हळूच सरळ करायला गेले. तो मध्येच अडला.

"सरळ होत नाही?"

"एवढाच होतो."

"किती अंश?"

"डॉक्टर म्हणतात पंधरा."

पप्पांनी एक डोळा मिटून त्या हाताच्या रेषेत पाहिलं. "अठरा आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच फुटला. मग ते रडले, आवाज न करता, तोंड वाकडं करून, लहान मुलासारखे. रिचर्डने त्यांना थांब म्हटलं नाही.

आयव्हीने बॅग उचलली. जड होती, खांद्याला लागत होती. ती गाडी आणायला गेली आणि मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

वळून पाहिलं तेव्हा ते दोघं उठून तिच्या दिशेने येत होते. पप्पांनी कोपर सोडलं नव्हतं. दोन्ही हातांनी धरलं होतं, त्यामुळे रिचर्डला त्यांच्या पावलाने, अगदी हळू चालावं लागत होतं. मागून संघातली पोरं हसत बाहेर आली, कुणीतरी फ्रेंचमध्ये त्याला हाक मारली. त्याने मोकळा असलेला डावा हात वर केला आणि तो तसाच चालत राहिला.